काडेपेटी, जीन्स आणि वालधुनी



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असणार, म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या आपल्या तीन गावांत जगाचा व्यापार कसा आला, त्यानं आपल्याला काय दिलं, मागे काय टाकलं आणि त्या टाकलेल्याची जबाबदारी कुणी घेतली, असा हा विषय आहे. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. मी इंजिनिअर, वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. पण गेली काही वर्षं माझं काम असं आहे की परदेशी कंपन्या आपल्या पुरवठादारांना पाणी, वीज, मजुरी, कचरा यांबद्दल प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं गोळा करणारी प्रणाली आमची टीम बांधते. त्या प्रश्नांच्या याद्या वाचताना मला सारखी आपली वालधुनी आठवते. म्हणून मुळापासून वाचायला घेतलं.

आपल्या वर्गात वडिलांच्या नोकऱ्या विचारल्या की ठरलेली उत्तरं यायची: ऑर्डनन्स, विम्को, धरमसी, सेंच्युरी, रेल्वे. उल्हासनगरहून येणारी मुलं म्हणायची, ‘दुकान आहे’ किंवा ‘कारखाना आहे’. ही यादी म्हणजेच आपल्या परिसराचा शंभर वर्षांचा औद्योगिक इतिहास आहे, हे तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

गावं जुनीच. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातला तसा शिलालेखच तिथे आहे. मंदिर वालधुनीच्या काठी आहे, कारण त्या काळी देवळाला पाणी लागायचं आणि ते पाणी नदी देत होती. बदलापूरला घोडे बदलत म्हणून ते नाव पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकलं. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून खोपोलीच्या दिशेनं निघाली आणि ही गावं मुंबईच्या टप्प्यात आली. रेल्वेनं काकोळ्याला वालधुनीच्या उगमाकडे तलाव बांधला, तोच आपला जीआयपी टँक. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं. पाणी, रेल्वे, मोकळी जमीन आणि जवळ मुंबईचं बंदर एवढं जुळून आलं की कारखाना दूर नसतो.

पहिल्या महायुद्धानंतर तो आला. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीची स्थापना १९१९ ची. तिनं अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनवायला घेतलं. भारतीय भांडवलाचा तो मोठा प्रयत्न होता. खऱ्या अर्थानं परदेशी कंपनी आली ती विम्को, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. तिची कथा थोडी सविस्तर सांगते, कारण आज ‘कंपन्यांची सामाजिक जबाबदारी’ म्हणून जे काही बोललं जातं, त्याचे जवळजवळ सगळे धागे तिच्यात सापडतात.

१९२२ पर्यंत भारतात काडेपेट्या मुख्यतः जपान आणि स्वीडनहून यायच्या. त्या वर्षी सरकारनं आयात कर एका ग्रोसला बारा आण्यांवरून दीड रुपयावर नेला. हेतू महसुलाचा होता, पण परिणाम वेगळाच झाला. बाहेरून माल आणण्यापेक्षा इथेच बनवणं स्वस्त पडू लागलं. स्वीडिश मॅच कंपनीनं १९२३ मध्ये विम्को काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा केला. देशी कारखानदारांनी या परकीय कंपनीबद्दल तक्रारी केल्या. टॅरिफ बोर्डानं काडेपेटी उद्योगाची चौकशी केली आणि १९२८ मध्ये या उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकात काड्या पांढऱ्या फॉस्फरसपासून बनत. त्याच्या वाफेनं कामगारांच्या जबड्याचं हाड कुजायचं. पर्याय उपलब्ध होता. सेफ्टी मॅचची कल्पना स्वीडनमध्ये १८४४ मध्येच मांडली गेली होती. तरी पांढरा फॉस्फरस स्वस्त असल्यानं चालूच राहिला. कारण उघड होतं: एका देशानं बंदी घातली की दुसऱ्या देशाचा स्वस्त माल बाजार खातो. शेवटी १९०६ मध्ये बर्न इथे अनेक देशांनी मिळून करार केला. भारतातही १९१३ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदीचा कायदा आला. त्यामुळे अंबरनाथचा कारखाना सुरू झाला तेव्हा तो विषारी प्रकार कायद्यानंच बाद झालेला होता. आपल्या शेजारच्या विम्कोतल्या काकांचा जबडा शाबूत राहिला, त्यामागे कंपनीचा चांगुलपणा किती होता ते मी सांगू शकत नाही. सगळ्यांना एकाच वेळी लागू झालेला नियम मात्र नक्की होता.

विम्कोचे अंतिम मालक होते इव्हार क्रूगर. जग त्यांना ‘काडेपेटीसम्राट’ म्हणायचं. ते सरकारांना कर्ज द्यायचे आणि बदल्यात त्या देशात काडेपेट्यांची मक्तेदारी घ्यायचे. अमेरिकेतल्या सामान्य गुंतवणूकदारांनी त्यांचे रोखे विश्वासानं घेतले होते. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये ते गोळी लागून मेलेले सापडले. मग हिशेब तपासले गेले. मालमत्तेत दाखवलेले इटली सरकारचे रोखे बनावट निघाले. अनेक उपकंपन्यांची पुस्तकं म्हणजे नुसतीच मांडणी होती. त्या काळी कंपनीनं काय जाहीर करायचं हे बरंचसं मालकाच्या मर्जीवर असे. १९२९ ची बाजाराची पडझड आणि पाठोपाठ क्रूगरचं प्रकरण यांच्या धक्क्यातून अमेरिकेत १९३३ आणि १९३४ चे रोखेबाजाराचे कायदे आले. लोकांकडून पैसे घ्यायचे तर हिशेब उघड करा आणि ते स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घ्या, ही सक्ती त्यातून रुजली.

मी रोज ज्या प्रश्नावल्यांवर काम करते, त्या याच सक्तीच्या नातवंडं-पतवंडं आहेत. तेव्हा प्रश्न होता ‘पैसा खरा आहे का?’, आता त्यात ‘पाणी कुठून घेता, कुठे सोडता?’ हा प्रश्न आला आहे. आणि त्या घराण्याची एक मुळी अंबरनाथच्या विम्को नाक्यापर्यंत येते, हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

गंमत म्हणजे मालकाचं साम्राज्य कोसळलं तरी कारखाना चालत राहिला. लोक कामावर जात राहिले, भोंगा वाजत राहिला. पुढे लाकूड कमी पडू लागलं. काडीला मऊ, सरळ, पांढरं लाकूड लागतं आणि जंगलं आटत चालली होती. तेव्हा विम्कोनं उत्तर भारतात शेतकऱ्यांबरोबर पॉप्लरची लागवड सुरू केली. १९८० च्या दशकात तिला बँकांच्या कर्जाची जोड मिळाली. कंपनी रोपं द्यायची, सल्ला द्यायची आणि ठरल्याप्रमाणे लाकूड विकत घ्यायची. पॉप्लर शेताच्या बांधावर आला, मधल्या जागेत गहू आणि ऊस होत राहिला. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणानंही उद्योगांना हेच सांगितलं की कच्चा माल जंगलातून ओरबाडू नका, शेतकऱ्यांकडून पिकवून घ्या. ही योजना टिकली, कारण ती देणगी नव्हती. कंपनीला लाकूड हवं होतं आणि शेतकऱ्याला पैसे. २००५ मध्ये विम्को आयटीसी समूहाकडे गेली. अंबरनाथला आता काड्या बनत नाहीत, नाक्याचं नाव तेवढं उरलं आहे. उत्तरेत पॉप्लर अजून उभे आहेत.

मग हाच शहाणपणा आपल्या नदीच्या वाट्याला का आला नाही? याचं उत्तर मला कच्च्या मालाच्या हिशेबात सापडतं. स्वच्छ वालधुनी हा कुणाचाच कच्चा माल नव्हता. कारखान्यांना पाणी लागायचं ते उल्हास नदीतून, बारवी धरणातून, नळानं यायचं. वालधुनी फक्त वाहून नेण्याच्या कामाची होती.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. घर, जमीन, गाव सगळं मागे टाकून आलेल्या या माणसांनी बराकींमध्ये यंत्रं मांडली. पापड, बिस्किटं, फर्निचर, कपडे, जे विकेल ते बनवलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. त्या विनोदाच्या आत मोठं कष्टाचं गाव आहे, हे आज वयानं कळतं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे अंबरनाथ, बदलापूरला रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आल्या. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये जीन्स शिवणारे आणि धुणारे कारखाने वाढले.

जीन्स धुणं म्हणजे साबणानं धुणं नव्हे. नवी कोरी डेनिम कडक आणि गडद निळी असते. ती जुनी, मऊ, फिकट दिसावी म्हणून प्युमिस दगडाबरोबर फिरवतात, एन्झाइम घालतात, ब्लीच करतात, मांडीवर पांढरट झाक यावी म्हणून पोटॅशियम परमँगनेट फवारतात. प्रत्येक पायरीनंतर खळबळून पाणी सोडून द्यायचं. सुटलेला नीळ रंग, क्षार, रसायनं आणि दगडाचा गाळ सगळा त्या पाण्यात. ते शुद्ध करता येतं, पण त्याला टाक्या, जागा, वीज आणि जाणकार माणूस लागतो. बराकीतल्या युनिटकडे यातलं काहीच नसतं. म्हणून पाणी नाल्यात आणि नाला वालधुनीत.

कायदे नव्हते असं अजिबात नाही. उलट महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. जलप्रदूषणाचा राज्याचा कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं. केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये आला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं आणि परदेशी मूळ कंपनी इथल्या उपकंपनीसाठी किती जबाबदार, हा प्रश्न साऱ्या देशानं विचारला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला, १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले. घातक कचरा कुठून निघाला, कुणी नेला, कुठे पोहोचला याची कागदोपत्री साखळी ठेवणं बंधनकारक झालं. आपल्या भागासाठी तळोज्याला तो कचरा घेणारं केंद्रही उभं राहिलं.

तरी नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका पहाटे टँकरमधून रसायन वालधुनीत सोडलं गेलं. उल्हासनगरच्या नदीकाठच्या वस्त्यांत वायू पसरला. झोपेतून उठलेल्या शेकडो लोकांना उलट्या, चक्कर, श्वास घ्यायला त्रास सुरू झाला आणि त्यांना दवाखान्यांत न्यावं लागलं. टँकर का येतो, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कचरा केंद्रात न्यायला पैसे पडतात. रात्री नदीत सोडायला डिझेल आणि ड्रायव्हर पुरतो. मधला फरक कुणाच्या तरी खिशात जातो, आणि किंमत मात्र नदीकाठच्या खोलीत झोपलेलं मूल देतं.

‘वनशक्ती’ या संस्थेनं उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जुलै २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठानं स्थानिक पालिका आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. या सगळ्यात एक गोष्ट आपल्याला टोचायला हवी: नदीतली घाण फक्त कारखान्यांची नव्हती. आपल्या सोसायट्यांचं, चाळींचं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी त्यात होतंच.

नंतरच्या काळात उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या युनिटांवर कारवाई झाली. आपल्याच बॅचमधल्या एकाचं असं युनिट होतं. नाव लिहू नकोस म्हणाला, पण बोलणं लिहायला परवानगी दिली. तो म्हणाला, “नदी काळी झाली हे मला दिसत नव्हतं का? पण मला धुलाईचे पैसे पँटमागे मिळायचे. प्लँट लावून चार रुपये जास्त मागितले असते, तर व्यापारी शेजारच्या गल्लीत गेला असता. वीज-पाणी तोडलं ते माझं. ऑर्डर देणाऱ्याला साधी नोटीससुद्धा नाही.” त्याच्याकडे काम करणारी उत्तर प्रदेशातली मुलं महिन्याभरात पांगली.

मला त्याच्या बोलण्याशी वाद घालावासा वाटला आणि घालता आला नाही. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण त्याची अडचण आणि १९०६ च्या आधीच्या काडेपेटी कारखानदाराची अडचण हुबेहूब एक आहे. एकट्यानं चांगलं वागायचं तर धंदा जातो. म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागू व्हावा लागतो, आणि तो माल घेणाऱ्यालाही लागू व्हावा लागतो. आपल्याकडे तो साखळीच्या शेवटच्या कडीवर येऊन थांबला.

आता सीएसआरबद्दल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. अशी सक्ती करणारा भारत हा पहिल्या देशांपैकी. त्यातून शाळांना संगणक मिळाले, शौचालयं झाली, झाडं लागली. चांगलंच आहे. पण याच्या नियमांत एक वाक्य आहे ते लक्षात ठेवण्यासारखं: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम किंवा कायद्यानं करणं भागच आहे ते काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे आपलं सांडपाणी शुद्ध करणं हे पुण्यकर्म नाही, ती आधीची देणी चुकवणं आहे. नफा मोजायच्या आधी ही देणी द्यायची आणि मग उरलेल्यातले २ टक्के समाजाला. हा क्रम उलटा झाला की बाकावर कंपनीचं नाव चकाकतं आणि बाकामागची नदी वास मारते.

माझ्या कामाची मर्यादाही सांगायला हवी. २०२२-२३ पासून सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि समाजाविषयीचा अहवाल बंधनकारक केला. पाणी किती घेतलं, कुठे आणि किती प्रक्रिया करून सोडलं, हे त्यात येतं. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, त्यानंतर युरोपातही पुरवठा साखळीची तपासणी सक्तीची करण्याचे कायदे झाले. पुढे ते शिथिल करण्याच्या हालचालीही झाल्या. या सगळ्यात आमचं सॉफ्टवेअर पुरवठादाराला फॉर्म पाठवतं. तो ज्याच्याकडून धुऊन घेतो, त्यालाही कधीकधी जातो. त्याच्या पलीकडची गल्ली, बोळ, रात्रीचा टँकर हे स्क्रीनवर येत नाहीत. क्रूगरच्या पुस्तकांतही सगळं जुळत होतं. ताळेबंद खोटा आहे हे कळलं ते कुणीतरी प्रत्यक्ष रोखे हातात घेऊन पाहिले तेव्हा.

म्हणून माझी एक सूचना आहे. स्नेहमेळाव्याचा जो निधी उरेल, त्यातून शाळेला बाक आणि पंखे द्यावेत असं ग्रुपवर ठरत आलं आहे. ते द्यावेतच. त्यातले थोडे पैसे बाजूला काढून शाळेच्या प्रयोगशाळेला पाणी तपासण्याचे संच द्यावेत. नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा, शिक्षकांबरोबर, वालधुनीच्या चार जागी पाणी तपासावं: काकोळ्याचा तलाव, शिवमंदिर, उल्हासनगर आणि कल्याणजवळ ती खाडीला मिळते तिथे. सामू आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू, एवढे दोन आकडे पुरेत. मासा जगायला लिटरमागे साधारण ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, हे मुलांना पुस्तकात शिकवतोच आपण. काकोळ्याच्या तलावाचं पाणी आज रेल नीरच्या बाटलीत भरून विकलं जातं. तीच नदी पुढे काही किलोमीटरवर कुठल्या आकड्याला पोहोचते, हे त्यांनी स्वतः वहीत लिहावं.

ती वही शाळेत राहील. नोंदी साठवायची प्रणाली मी विनामूल्य करून देईन, पण मूळ नोंद मुलांच्या हस्ताक्षरातच असावी असा माझा आग्रह आहे. आपल्यातले कितीतरी जण आज खरेदी विभागात, अकाउंट्समध्ये, क्वालिटीत, बँकेत आहेत. कुठल्या कंपनीला ऑर्डर द्यायची, कुणाला कर्ज द्यायचं, हे आपल्या सहीनं ठरतं. सही करण्याआधी त्या वहीचं शेवटचं पान मागवून घेता येईल. आणि पंचवीस वर्षांनी पुढची बॅच स्मरणिका काढेल, तेव्हा वालधुनीचा इतिहास लिहिणारीला माझ्यासारखं न्यायालयाच्या निकालांवर आणि परदेशी हिशेबांवर विसंबावं लागणार नाही. तिच्यापुढे तीनशे महिन्यांचे आकडे असतील, आपल्याच शाळेच्या मुलांनी घेतलेले.